नागपूरहून मुंबईला निघालात? गेटवे झालाय, आता ही बेटं बघा

नागपूरचा माणूस मुंबईला सहसा फिरायला म्हणून जात नाही, कामाने जातो. मंत्रालयात फाइल अडकलेली असते, टाटा हॉस्पिटलला नात्यातल्या कुणाला दाखवायचं असतं, पोराची मुलाखत असते, ६ डिसेंबरला चैत्यभूमी असते, नाहीतर डोंबिवलीकडे कुणाचं लग्न निघतं. काम उरकलं की हातात दोन-तीन दिवस उरतात आणि मग यादी ठरलेली: गेटवे, मरीन ड्राइव्ह, हाजी अली, सिद्धिविनायक, जुहू. संध्याकाळी पाय दुखतात, घामाने जीव जातो आणि घरी आल्यावर सांगायचं काय, तर "गर्दी लय होती बाप्पा."

हा लेख त्या उरलेल्या दिवसांसाठी आहे. ज्यांचा गेटवे एकदा होऊन गेलाय त्यांच्यासाठी. मुंबईतल्या कमी माहितीच्या जागा लांब कुठे दडलेल्या नाहीत. बहुतेक जागा स्टेशनपासून चालत किंवा दहा मिनिटांच्या टॅक्सीवर आहेत. नवख्याचं अडतं ते पत्त्यावर नाही. लाइन, वार आणि भरती, या तिन्हींचा मेळ बसला नाही की दिवस फुकट जातो. म्हणून जागांच्या आधी हे तीन नीट समजून घ्या.

१. आधी नकाशा डोक्यात बसवा

मुंबई शहर म्हणजे मुळात सात बेटं: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. मधल्या खाड्या इंग्रजांच्या काळात बुजवत नेल्या. वांद्र्यापासून वर दहिसरपर्यंतचा भाग हे वेगळं मोठं बेट, साष्टी. ते आधी पोर्तुगिजांकडे होतं आणि १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलं.

हे शाळेच्या पेपरासाठी सांगत नाही. फिरताना याचा थेट उपयोग होतो. दक्षिणेला जुन्या बेटांच्या कडा जिथे होत्या तिथे किल्ले, कोळीवाडे आणि धक्के सापडतात. उत्तरेला साष्टीत लेणी सापडतात. आज कडा बघायच्या की लेणी, हे ठरवलं की अर्धं नियोजन झालं. दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

आता लाइनी. पश्चिम म्हणजे चर्चगेटहून वर बोरिवली-विरार. मध्य म्हणजे सीएसएमटीहून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) दादर-ठाणे-कल्याण. हार्बर म्हणजे सीएसएमटीहून डॉकयार्ड रोड, शिवडी, वडाळा करत पनवेलकडे, आणि वडाळ्याहून एक फाटा गोरेगावकडे. त्यात भर म्हणून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण चालू झाली आहे. तिने गिरगाव, काळबादेवीकडे जाणं फार सोपं केलंय.

आपल्याकडे सीताबर्डीहून धरमपेठ किती, तर "दोन-तीन किलोमीटर" असं उत्तर येतं. मुंबईत किलोमीटर कुणी सांगत नाही. "फास्टने वीस मिनिटं" असंच सांगतात, आणि तेच खरं माप आहे.

२. गाडी कोणती, उतरायचं कुठे

विदर्भ, दुरांतो आणि सेवाग्राम या तिन्ही नागपूरहून सीएसएमटीला जातात. पहिल्या दोन रात्रीतून जाऊन सकाळी पोचवतात, म्हणून फिरणाऱ्याने त्याच धराव्यात. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीचे १२० दिवस विसरा. तत्काळ आदल्या दिवशी: एसीचं सकाळी १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता.

काही गाड्या लोकमान्य टिळक टर्मिनसला, म्हणजे कुर्ल्याला संपतात. "कुर्ला" ऐकून कुर्ला लोकल स्टेशनात उतरू असं वाटतं, पण ते टर्मिनस वेगळं आहे आणि सामान घेऊन तिथून लोकल गाठताना घाम निघतो. पर्याय असेल तर सीएसएमटीचीच गाडी घ्या.

मुक्कामासाठी माझं मत विचाराल तर दादर. पश्चिम आणि मध्य दोन्ही लाइनी पुलाच्या दोन बाजूंना, मराठी खाणं हाताशी आणि आपली विदर्भ एक्स्प्रेस तिथे थांबते. फोर्टातली लॉजं सोयीची दिसतात, पण खोली बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. फोटोतली खिडकी खोलीत असेलच असं नाही.

खोली दुपारी मिळणार असेल तर सामान स्टेशनच्या क्लॉक रूममध्ये ठेवा. प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि बॅगेला कुलूप नसेल तर ती घेत नाहीत. हे ऐन वेळी कळतं आणि मग स्टेशनबाहेर कुलूप शोधत फिरावं लागतं.

३. सोबत काय घ्यायचं

- मूळ आधार कार्ड. गाडीत, लॉजवर, क्लॉक रूमला, सगळीकडे लागतं. नुसती झेरॉक्स चालवून घेतीलच असं नाही.
- दोन छोटी कुलुपं आणि साखळी.
- मोबाइलमध्ये रेलवन अॅप, लोकलचं तिकीट काढायला. पूर्ण दिवस फिरणार असाल तर लोकलचा टुरिस्ट पास एक, तीन किंवा पाच दिवसांचा मिळतो. खिडकीवर "टुरिस्ट तिकीट" म्हणायचं.
- एनसीएमसीचं, म्हणजे देशभर चालणारं प्रवासाचं कार्ड असेल तर घेऊन जा, मेट्रोत चालतं.
- कालनिर्णय. हो, खरंच. कारण पुढच्या मुद्द्यात आहे.
- पाण्याची बाटली आणि जास्तीचा एक शर्ट. ४५ अंश सोसणाऱ्या माणसाला वाटतं मुंबईचं ३३ अंश म्हणजे काय! पण आपलं ऊन कोरडं. तिथे घाम वाळतच नाही. डोक्याला दुपट्टा बांधून काही होत नाही, उलट जास्त उकडतं. शक्य असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी जा.
- सपाट, न घसरणारे बूट. धक्क्यावर आणि लेण्यांत दोन्हीकडे लागतात.

४. वार आणि भरती बघून दिवस ठरवा

वाराचं सोपं आहे. सोमवारी कान्हेरी लेणी, घारापुरी (एलिफंटा) आणि रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय बंद. बुधवारी राणीची बाग आणि तिच्या आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक: दिवसा काही तास कुठल्या ना कुठल्या लाइनीवर गाड्या कमी किंवा बंद. आदल्या दिवशीच्या पेपरात किंवा रेल्वेच्या घोषणेत ते येतं. ज्या लाइनीवर ब्लॉक असेल तिकडचा बेत रविवारी धरू नका.

भरतीचं मात्र आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. आपल्या फुटाळा आणि अंबाझरी तलावांना भरती येत नाही. मुंबईत समुद्र दिवसातून दोनदा वर येतो, दोनदा ओसरतो, आणि ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल सकाळी दहाला जो चिखल दिसला तिथे चार दिवसांनी दहाला पाणी असू शकतं. हाजी अलीची वाट पाण्याखाली जाते ती यामुळेच. खाडीतले पक्षी, उरणकडची बोट, कोळीवाड्यातला किनारा, सगळं यावर चालतं.

कोकणात याचा एक तोंडी हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटे दोन्हीकडे. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे अकरा-बाराच्या दरम्यान. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत ठरवायला पुरतो. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. मोबाइलवर तक्ते मिळतातच, तरी कालनिर्णय बघून पाऊणपट करण्यात एक वेगळी मजा आहे.

५. पहिला दिवस माझगावला द्या

हा दिवस सगळ्यात भरगच्च आहे. एकच दिवस हातात असेल तर हाच करा, बाकीचं पुढल्या खेपेला.

सीएसएमटीहून हार्बर लोकल पकडा. मशीद, सँडहर्स्ट रोड आणि मग डॉकयार्ड रोड. इथून भाऊचा धक्का जवळ आहे. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, ज्यांना लोक भाऊ म्हणत, त्यांनी हा धक्का बांधला, म्हणून हे नाव. मासळीचा लिलाव बघायचा तर उजाडायच्या सुमाराला पोचायला हवं. म्हणजे रात्रीच्या गाडीने आलात त्या सकाळी हे जमणार नाही, मुक्काम करून दुसऱ्या पहाटे जा. जमीन ओली आणि घसरडी असते, बर्फाच्या पाट्या वाहणारे थांबत नाहीत, ते "साइड, साइड" ओरडतात तेव्हा बाजूला व्हायचं. मावशींना विचारल्याशिवाय तोंडासमोर मोबाइल धरू नका. शाकाहारी असाल आणि वासाने मळमळत असेल तर हा टप्पा सरळ वगळा, पुढचं सगळं तरीही होतं.

धक्क्यावरून मोरा बंदराला, म्हणजे उरणकडे, प्रवाशांची लाँच जाते. घारापुरीच्या पर्यटकी बोटीपेक्षा मला ही जास्त आवडते. हिच्यात रोजचे लोक असतात, भाजीची पोती, सायकली असतात. जहाजांच्या मधून जाते. मोऱ्याला गाळ साचतो, त्यामुळे मोठ्या ओहोटीच्या वेळी फेऱ्या थांबतात. आता तिथीचा हिशोब कशाला सांगितला ते लक्षात आलं असेल. परत बोटीनेच यायची गरज नाही. उरणपर्यंत लोकल जानेवारी २०२४ पासून जाते. मोऱ्याहून रिक्षाने उरण स्टेशन, तिथून लोकलने नवी मुंबईत आणि पुढे हार्बरने परत. समुद्रावरून जायचं आणि रुळावरून यायचं, दिवसाचा सकाळचा भाग यात जातो.

बोट नको असेल तर धक्क्यावरून परत डॉकयार्ड रोड स्टेशनकडे या आणि टेकडी चढा. वर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. खाली पाण्याची मोठी टाकी, वर बाग, आणि कठड्यावरून गोदी, क्रेन आणि उभी जहाजं दिसतात. इथे एके काळी माझगावचा किल्ला होता, आज त्याचं काही उरलेलं नाही. बेटाची कड कुठे होती ते मात्र इथे उभं राहिलं की डोळ्यांनी कळतं. गोदीचे फोटो काढू नका. युद्धनौका बांधतात तिथे, आणि पहारेकरी विनोद समजून घेत नाहीत.

ज्यांच्या नावाने ही बाग आहे ते काका बाप्टिस्टा, टिळकांचे सहकारी आणि वकील, १८६४ साली जवळच्याच माथारपाकाडीत जन्मले. १९२५ साली ते मुंबईचे महापौर झाले. माथारपाकाडीत जा. ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची ही वस्ती: लाकडी जिने, उतरती कौलं, अरुंद बोळ, मध्ये क्रूस. हे लोक इथले मूळचे, आणि त्यांची घरातली बोली मराठीच, थोड्या वेगळ्या हेलाची. ओसरीवर बसलेल्या आजींशी मराठीत बोललात तर चेहरा खुलतो. नागपूरचे म्हटल्यावर "तिकडे ऊन फार ना?" हा प्रश्न येणार, तयारी ठेवा. फक्त लक्षात असू द्या की हे संग्रहालय नाही, लोकांची घरं आहेत. आवाज कमी, जिन्यांवर चढून फोटो नाही.

तिथून टॅक्सीने भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ साली उघडलेली ही इमारत मुंबईतलं सगळ्यात जुनं संग्रहालय. आतली मातीची छोटी माणसं बघायला वेळ ठेवा: वेगवेगळ्या जाती-धंद्यांचे पोशाख, पगड्या, अवजारं. पण निम्मे लोक ज्याच्याजवळून न बघता निघून जातात तो बाहेरचा दगडी हत्ती. घारापुरीला पोर्तुगिजांनी एलिफंटा म्हटलं ते याच हत्तीवरून. इंग्लंडला न्यायला म्हणून १८६४ साली उचलताना तो फुटला, मग तुकडे जोडून उभा केला. सांधे अजून दिसतात. घारापुरीला जाणारा प्रत्येक जण विचारतो की हत्ती कुठे आहे. तो इथे आहे.

शेजारच्या राणीच्या बागेत पेंग्विनच्या रांगेत उभं राहायचं की नाही ते तुमच्या मुलांवर अवलंबून. मी म्हणेन काळा घोडा बघा. ज्या पुतळ्यावरून फोर्टातल्या त्या भागाला नाव पडलं तो घोड्यावरचा राजपुत्र १९६५ पासून या बागेत आहे. काळा घोडा चौकात आता आहे तो नवा, बिनस्वाराचा.

६. गिरगाव ते वाळकेश्वर

भुयारी मेट्रोने गिरगाव, किंवा लोकलने चर्नी रोड. खोताची वाडी विचारा. पोर्तुगीज घाटाची जुनी लाकडी घरं, रंगवलेले कठडे. बरीच पाडून इमारती झाल्या, उरली आहेत ती बघून घ्या. अर्धा तास पुरे. दुपारी जाऊ नका, लोक झोपलेले असतात.

पुढे गावदेवीत मणिभवन. १९१७ ते १९३४ गांधीजींचं मुंबईतलं ठिकाण. १९३४ नंतर ते आपल्याकडे, वर्ध्याला आले. सेवाग्रामची कुटी पाहिलेल्या माणसाने हे घर बघितलं की गोष्टीचा आधीचा अर्धा भाग जुळतो. ग्रंथालय आणि वरची खोली बघा.

मग टॅक्सीने बाणगंगा. "वाळकेश्वर, तीन बत्तीच्या पुढे" सांगा. मलबार हिलच्या श्रीमंत इमारतींच्या मागे खाली उतरलं की अचानक पायऱ्यांचं प्रचंड तळं. शिलाहार राजांच्या काळापासूनची ही जागा, १७१५ साली रामा कामत यांनी मंदिर-तलाव पुन्हा बांधून काढले. समुद्र हाकेच्या अंतरावर असून पाणी गोडं, कारण खाली झरा आहे. रामाने बाण मारला आणि पाणी आलं अशी कथा. रामटेकच्या माणसाला ती परकी वाटायचं कारण नाही, राम इथूनही गेला म्हणायचं. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा. त्रिपुरी पौर्णिमेला दिवे लागतात तेव्हा गर्दी असते, पण ती गर्दी सोसण्यासारखी आहे. काठावर लोक पिंडदानाचे विधी करतात, त्यांच्याकडे मोबाइल वळवू नका.

वेळ उरला तर मलबार हिलवरच कमला नेहरू उद्यानामागे झाडांतून जाणारा लाकडी उन्नत मार्ग आहे. पालिकेच्या साइटवर आधी वेळ नोंदवावी लागते. दारात जाऊन तिकीट मिळेल या भरवशावर जाऊ नका.

७. साष्टीचा दिवस: एक्सर आणि मंडपेश्वर

बोरिवलीला लोक कान्हेरीसाठी जातात. कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी आहेत आणि ती बघायलाच हवीत, पण त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मी सांगतो ते बोरिवली पश्चिमेचं. मेट्रोच्या पिवळ्या लाइनीवर एक्सर आणि मंडपेश्वर ही लागून लागून स्टेशनं आहेत.

एक्सरला गल्लीत वीरगळांची रांग उभी आहे. वीरगळ म्हणजे स्मारकाचे कोरीव दगड, आपल्याला गावोगावी दिसतात, गाईंसाठी नाहीतर गावासाठी लढून पडलेल्याचे. इथले वेगळे, कारण यांवर समुद्रातली लढाई कोरली आहे: डोलकाठ्यांची जहाजं, रांगेने वल्ही मारणारे, पाण्यात पडलेले. यादव राजा महादेव आणि कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्या लढाईशी, म्हणजे १२६५ च्या आसपासच्या प्रसंगाशी जाणकार हे दगड जोडतात. त्या लढाईत सोमेश्वर बुडाला. वीरगळ नेहमी खालून वर वाचायचा: तळाला लढाई, मग मरण, वर अप्सरा त्याला नेताहेत, सगळ्यात वर पूजा. वरून बघायला सुरुवात केली तर काहीच लागत नाही. कोरीव काम झिजलंय, म्हणून तिरपं ऊन असताना, सकाळी नाहीतर चारनंतर जा. भर दुपारी नुसते दगड दिसतील. पाटी शोधू नका, "वीरगळ कुठे" असं विचारा, आणि नाही समजलं तर "जुने कोरलेले दगड" म्हणा.

मंडपेश्वर हे शैव लेणं. आत नटराज, आणि लेण्याच्या डोक्यावर पोर्तुगीज चर्चचे पडके अवशेष. सोळाव्या शतकात लेण्याचंच चर्च झालं होतं. एकाच खडकात दोन धर्मांची बांधणी एकावर एक दिसते. समोर मैदानात पोरं क्रिकेट खेळत असतात, चेंडू सांभाळा.

येताना अंधेरी पश्चिमेला उतरून गिल्बर्ट हिल बघता येते. बेसॉल्टच्या उभ्या खांबांची ही सुमारे २०० फूट उंच कातळभिंत ६ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. वर देवीचं देऊळ, खडकात पायऱ्या. आपल्याला यात आणखी एक गोडी आहे: हाच दख्खनचा लाव्हा पसरत पसरत नागपूरच्या आसपास संपतो. एक टोक घराजवळ, दुसरं इथे इमारतींच्या गराड्यात. अंधेरी पूर्वेच्या महाकाली लेण्यांत एक गोल स्तूप दगडी जाळीच्या खिडक्यांआड आहे. लेण्यांचा नाद असेल तर तेही धरा, नाहीतर राहू द्या.

८. किल्ले: कुठे जायचं, कुठे नाही

शीवचा किल्ला, म्हणजे सायनचा, सगळ्यात सोपा. स्टेशनजवळ, खाली बाग, वर पडक्या भिंती. इंग्रजांच्या परळ बेटाची हद्द इथे संपायची आणि समोर पोर्तुगिजांची साष्टी. वरून आज रस्ते आणि इमारती दिसतात, पण हद्दीची कल्पना येते. धारावीचा काळा किल्ला १७३७ चा. बेस्टच्या आगारालगत आहे, बाहेरून बघायचा. वरळीचा किल्ला वरळी कोळीवाड्यातून गाठायचा. बोळ गोंधळात टाकतात, पण कोळीवाडा हाच त्यातला खरा ऐवज आहे, वरून सी लिंक दिसतो तो वरकड.

मढचा किल्ला यादीतून काढून टाका. आपला सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे असून निदान २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला उघडतो. मढचा हवाई दलाकडे आहे, लोकांना आत सोडत नाहीत. इंटरनेटवरचे फोटो बघून तासभर प्रवास करून गेलेले लोक बाहेरूनच परततात.

शिवडीचा किल्ला आणि खालच्या खाडीतले रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, हे जोडीने होतात. हार्बरवर डॉकयार्ड रोडच्या पुढेच शिवडी, म्हणून पाचव्या मुद्द्यातल्या दिवसाला हे जोडता येतं. पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे. पूर्ण भरतीला चिखल बुडतो, पूर्ण ओहोटीला पक्षी फार लांब जातात. भरतीच्या दोन-तीन तास आधी किंवा नंतर गेलात तर ते जवळ असतात. अटल सेतूचं काम सुरू झाल्यापासून शिवडीच्या जेट्टीवर पूर्वीसारखं सहज जाता येईल याची खात्री धरू नका. अडवलं तर हुज्जत न घालता किल्ला बघा. पक्षीच बघायचे असतील तर ऐरोलीला वनविभागाच्या केंद्रातून ठाणे खाडीत बोट जाते. तिच्या वेळा भरतीवर ठरतात आणि नोंदणी आधी करावी लागते. गोंदियाचे सारस बघायला पहाटे उठणाऱ्यांना एवढा खटाटोप जड वाटणार नाही.

दादरला मुक्काम असेल तर हिंदू कॉलनीतलं राजगृह पायी होतं. चैत्यभूमीला दरवर्षी जाणारे पुष्कळ लोक इथवर येत नाहीत. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी म्हणून बांधलेलं हे घर, तळमजल्यावर त्यांच्या वस्तू आहेत. ६ डिसेंबरच्या आगेमागे रांग असते. एरवी कुठल्याही दिवशी जा, शांतपणे बघता येतं.

९. नवखा फसतो त्या जागा

सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ उत्तरेकडे लोकलने जाऊ नका. तुमची दिशा गर्दीच्या उलटी ठेवता येते: सकाळी बोरिवलीकडे जा, संध्याकाळी चर्चगेटकडे या.

बोरिवलीला उतरायचं असेल तर गर्दीच्या वेळी विरार फास्टमध्ये चढू नका. चढाल, पण उतरू देणार नाहीत. बोरिवली लोकलच घ्या.

साध्या तिकिटावर एसी लोकलमध्ये बसता येत नाही. डबा थंड दिसला म्हणून शिरलात तर दंड. फर्स्ट क्लासचंही तेच, बाहेरून फर्स्टचे आणि सेकंडचे डबे सारखेच दिसतात, पट्टे आणि पाटी बघा. बायकांचे आणि दिव्यांगांचे डबे वेगळे.

फलकावर 'एस' म्हणजे स्लो, 'एफ' म्हणजे फास्ट. फास्ट मधली स्टेशनं सोडते. शंका आली तर गाडीत चढायच्या आधी विचारा, चढल्यावर विचारून उपयोग नाही. आणि जुनी नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत: व्हीटी म्हणजे सीएसएमटी, एल्फिन्स्टन म्हणजे प्रभादेवी.

सायन-माहीमच्या दक्षिणेला रिक्षा नाहीत. रस्त्यावर उभं राहून "ऑटो" म्हणून हाक मारत बसू नका, काळी-पिवळी टॅक्सी घ्या. आणि मीटरने जा. आपल्याकडे भाव ठरवून बसायची सवय असते, मुंबईत भाव ठरवणाराच बहुधा जास्त घेतो. किमान भाडं टॅक्सीला ३१ रुपये, उपनगरात रिक्षाला २६. सीएसएमटीच्या दाराशी "बारा पॉइंट दाखवतो" म्हणणाऱ्यांना हात जोडा. त्या बारा पॉइंटांत वरचा एकही नसतो.

खाण्याचं एवढंच: तर्री मागू नका, मिळणार नाही. थालीपीठ, पियूष, साबुदाणा वडा दादर-गिरगावात. मासे खात असाल तर बोंबील आणि सोलकढी.

१०. परतीची गाडी

विदर्भ आणि दुरांतो संध्याकाळनंतर सुटतात, सेवाग्राम दुपारी. त्यामुळे शेवटच्या दिवशी सेवाग्रामचं तिकीट असेल तर लांबचा बेत नको, फोर्टातच राहा. रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय तासाभरात होतं आणि तिथून स्टेशन चालत. संध्याकाळची गाडी असेल तर गर्दी उलट दिशेला असते, सीएसएमटीला पोचणं अवघड जात नाही.

सामान जास्त असेल तर दादरहून चढायच्या भानगडीत पडू नका. गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते आणि त्याच फलाटावर लोकलचे लोक धावत असतात. सीएसएमटीला लांब पल्ल्याच्या गाड्या ८ ते १८ नंबरच्या फलाटांवर लागतात, लोकल १ ते ७ वर. १८ च्या बाजूचं दार पी. डिमेलो रोडवर उघडतं, टॅक्सीवाल्याला तेच सांगा, म्हणजे बॅगा ओढत सगळं स्टेशन ओलांडावं लागणार नाही. मासे किंवा सुके बोंबील बांधून नेणार असाल तर डबा घट्ट झाकणाचा घ्या, चौदा-पंधरा तास शेजारच्यांनाही सोबत आहे.